साक्ष आणि संशय

औरंगाबादच्या ‘अस्मितादर्श’भोवती वाढलेल्या दलित साहित्यचर्चेने अनुभवाचा प्रामाणिकपणा ही कसोटी मानली. सविता आंबेडकरांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ (१९९०) हे आत्मचरित्र तिच्यावर तपासण्याजोगे आहे. आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. वराच्या आजाराची वधूला डॉक्टर म्हणून पूर्ण कल्पना होती. या नात्याचा पाया सत्यावर होता. तरीही १९५६ नंतर काही अनुयायांनी त्यांच्यावर संशय घेतला. म्हणून हे लेखन प्रेमकथेपेक्षा साक्ष ठरते : दोघांनी ओलांडलेली रेषा समाजमनात कायमच होती.