तिसऱ्या पिनेचा प्रवास

१/ संगणकाच्या प्लगची सर्वांत जाड पिन अर्थिंगची असते. ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये शिरते. तिथून जमिनीपर्यंत पोहोचते का, हे मात्र क्वचितच कोणी तपासते.

२/ वीज जमिनीतून परतू शकते, हे कार्ल श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये तारायंत्राच्या प्रयोगांत दाखवले. तेव्हा जमिनीने एका तारेचा खर्च वाचवला. पुढे घरोघरी वीज आली आणि तिच्यावर जीव वाचवण्याची जबाबदारी आली. भारतात अर्थिंगची मानक संहिता, आयएस ३०४३, १९६६ साली आली.

३/ १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. खाडीकाठची मिठागरे, शेते आणि दलदल यांच्या जागी नवी मुंबई उभी राहू लागली. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालण्याची जुनी रीत आहे, कारण खारी ओल वीज सहज वाहून नेते. पण तेच मीठ लोखंडी नळी आणि पट्टी गंजवते. खाडीलगतच्या जुन्या इमारतींना हा धोका अधिक.

४/ अर्थिंग तुटले, तर संगणकाच्या वीजपुरवठा संचातील फिल्टरमुळे धातूच्या पेटीवर सुमारे ११५ व्होल्ट दाब येऊ शकतो. हाताला येणाऱ्या झिणझिण्या ही त्याचीच खूण.

५/ फेज व अर्थ यांच्यात मीटरने २३० व्होल्ट दाखवले, तरी तेवढ्यावर विसंबू नये. गंजलेली जोडणीही तो आकडा दाखवते. परवानाधारक वीजतंत्रीकडून अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजून घ्यावा आणि सोसायटीच्या दप्तरात तारखेसह नोंदवावा.