चेंडू स्वस्त झाला, तेव्हा गोल्फ पसरला

गोल्फ श्रीमंतांचा खेळ का झाला, असे विचारले की उत्तर हमखास जमिनीकडे वळते. पण जिथे हा खेळ रुजला त्या स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर जमीन ही अडचण नव्हती. सेंट अँड्र्यूजची वालुकामय कुरणे गावाच्या सामायिक वापरातली होती. तिथे मेंढ्या चरत, कपडे वाळत आणि लोक खेळतही. खेळाची काठी महाग असली तरी दुरुस्त करता येई. चेंडू मात्र हरवे, भिजे, फाटे आणि पुन्हा विकत घ्यावा लागे. म्हणून गोल्फ कोणी खेळायचा हे ठरवण्यात चेंडूच्या किमतीचा वाटा जमिनीइतकाच, किंबहुना अधिक होता. ही अडचण राजदरबारालाही जाणवली होती. चेंडू विकत घेण्यापायी दरवर्षी देशाबाहेर बरेच सोने-चांदी जाते, असे कारण देऊन राजा सहावा जेम्स याने 1618 मध्ये जेम्स मेल्व्हिल याला 21 वर्षांसाठी चेंडू बनवण्याचा मक्ता दिला आणि एका चेंडूला चार स्कॉटिश शिलिंगांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, अशी अटही घातली.

किंमत आदेशाने बांधता येते. श्रम कमी करता येत नाहीत. त्या काळातला उत्तम चेंडू पिसांचा असे. ओल्या कातड्याच्या शिवलेल्या पिशवीत उकळलेली पिसे लोखंडी सळईने ठासून भरत. एका चेंडूला उंच टोपी भरेल इतकी पिसे लागत आणि शेवटची पिसे दाबायला कारागिराला छातीचा जोर लावावा लागे. वाळताना पिसे फुगत, कातडे आकसे आणि चेंडू कठीण होई. कसबी माणसाच्या हातून दिवसभरात जेमतेम तीन-चार चेंडू होत. सेंट अँड्र्यूजचा नामवंत खेळाडू आणि चेंडूकार अॅलन रॉबर्टसन याच्या कारखान्यात 1844 मध्ये 2,456 चेंडू तयार झाल्याची नोंद आहे. कामाच्या दिवसाला हे सुमारे आठच पडतात, आणि तेही मदतनीस धरून. कलकत्त्यात 1829 मध्ये आणि मुंबईत 1842 मध्ये गोल्फ क्लब निघाले, तेही याच पिसांच्या चेंडूच्या जमान्यात. अशा मालावर मूठभर लोकांचाच खेळ चालणार.

हे चित्र बदलले ते मलायातल्या एका झाडाच्या चिकाने. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक विल्यम मॉन्टगोमेरी यांनी सिंगापूरहून या चिकाचे, म्हणजे गटापर्चाचे, नमुने लंडनला पाठवले आणि 1840 च्या दशकात हा पदार्थ ब्रिटिश बाजारात आला. पूर्वेकडून आलेल्या विष्णुमूर्तीभोवतीच्या गटापर्चातून सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन कुटुंबात पहिला चेंडू घडला, अशी गोष्ट सांगतात. पण अशा गोष्टीपेक्षा या पदार्थाचा गुण महत्त्वाचा. तो गरम पाण्यात मऊ होई, हाताने किंवा साच्यात गोल करता येई आणि तुटलेला चेंडू पुन्हा वळता येई. 1848 च्या सुमारास हे चेंडू खेळात आले आणि पिसांच्या चेंडूपेक्षा कितीतरी स्वस्त मिळू लागले. रॉबर्टसनला यात आपल्या धंद्याचा अंत दिसला. त्याचा सहकारी टॉम मॉरिस या नव्या चेंडूने खेळला म्हणून दोघांत बिनसले आणि 1851 मध्ये मॉरिस प्रेस्टविकला गेला. रॉबर्टसनची धास्ती खरी होती. पुढे त्यालाही नवा चेंडू स्वीकारावा लागला.

यावर कोणी म्हणेल की खेळ पसरवला तो रेल्वेने आणि शहरी मध्यमवर्गाच्या सुट्टीने. सेंट अँड्र्यूजला रेल्वे 1852 मध्ये पोहोचली, हे खरेच आहे. पण रेल्वे माणसाला मैदानापर्यंत आणते. एकाच चेंडूवर पुन्हा पुन्हा खेळण्याची मुभा चेंडूच देतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 1898 मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराच्या धाग्यांचा चेंडू काढला, तो गटापर्चापेक्षा महाग होता, तरीही 1902 मध्ये सँडी हर्ड याने त्याच चेंडूवर ब्रिटनची ओपन स्पर्धा जिंकली आणि जुना चेंडू मागे पडला. मग किमतीचे महत्त्व कुठे राहिले? या चेंडूचा फायदा सामान्य खेळाडूलाच जास्त झाला. फटका नीट न बसताही तो लांब जाई. शिवाय पुढे ब्रिटनमधल्या न्यायालयाने हॅस्केलचा पेटंट-दावा फेटाळला आणि इतर उत्पादकांना रान मोकळे झाले. चेंडू चांगला झाला तो एकाच्या शोधामुळे. तो सर्वांच्या हाती पडण्यासाठी मक्ता मोडावा लागला. तिसरी गोष्ट मात्र निरुत्तर करणारी आहे: गटापर्चासाठी मलायाची झाडे तोडून चीक काढला जाई. त्यातला मोठा वाटा समुद्राखालच्या तारांसाठी गेला, तरी स्वस्त चेंडूची काही किंमत त्या जंगलांनी मोजली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबरी गाभ्यावर सर्लिन नावाच्या प्लास्टिकचे चिवट आवरण असलेला दोन थरांचा चेंडू आला आणि हौशी खेळाडूची मोठी सोय झाली. स्पर्धेतल्या खेळाडूला चेंडूची फिरकी हवी असते. रविवारी खेळणाऱ्याला सरळ जाणारा, टिकणारा आणि झुडपात हरवला तरी मन न खाणारा चेंडू हवा असतो. गोल्फच्या इतिहासात या साध्या गरजेला दुय्यम मानू नये. नवे मैदान आखताना किंवा खेळाचा प्रसार करू म्हणताना, शिकणाऱ्याला दहा चेंडू गमावूनही पुन्हा येणे परवडेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. स्कॉटलंडच्या राजाने 1618 मध्ये तो विचारला, तेव्हापासून खेळाचे दार किती उघडायचे हे त्याच्या उत्तरावर ठरत आले आहे.