कारगिल, जीपीएस आणि मुद्दाम चुकवलेली घड्याळे

१/७
कारगिल युद्धाचा विषय निघाला की एक कथा हमखास सांगितली जाते: १९९९ मध्ये भारताने जीपीएसची अचूक माहिती मागितली, अमेरिकेने ती नाकारली आणि त्या अपमानातून 'नाविक' प्रणाली जन्माला आली. कथा प्रभावी आहे, पण सारा भर नकारावर दिल्याने मूळ मुद्दा निसटतो. त्या उन्हाळ्यात जीपीएसचा नागरी संकेत साऱ्या जगासाठीच मुद्दाम बिघडवलेला होता. वेगळ्या नकाराची गरजच नव्हती.

२/७
उपग्रह आपले स्थान आणि वेळ सतत प्रक्षेपित करत असतो. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून रिसीव्हर अंतर काढतो. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की स्थान निश्चित होते. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते. उपग्रहातील अणुघड्याळ हा या व्यवस्थेचा प्राण.

३/७
अमेरिकी संरक्षण खात्याने बोट ठेवले ते नेमके याच प्राणावर. १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, २६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी विनामूल्य खुले करण्याचे जाहीर केले. मात्र खुले म्हणजे अचूक नव्हे. 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी' या धोरणाखाली घड्याळाच्या संकेतात कृत्रिम चढउतार मिसळले जात. सांकेतिक किल्ली असलेल्या लष्करी रिसीव्हरला खरी वेळ कळे; इतरांच्या वाट्याला सुमारे १०० मीटरपर्यंतची चूक येई. टायगर हिलसारख्या अरुंद शिखरावर १०० मीटर म्हणजे लक्ष्य आणि दरी यांतील फरक.

४/७
या धोरणाची गंमत अशी, की आखाती युद्धात अमेरिकी सैन्याकडेच लष्करी रिसीव्हर अपुरे पडले. सैनिक बाजारातील नागरी रिसीव्हर वापरत होते, म्हणून ही विकृती तात्पुरती बंद करावी लागली. पुढे अमेरिकेच्याच तटरक्षक दलाने किनाऱ्यावर केंद्रे उभारून ही चूक दुरुस्त करणारे संकेत देण्यास आरंभ केला! अखेर मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ती कायमची थांबवली. कारगिलला तेव्हा वर्षही उलटले नव्हते.

५/७
रशियाच्या ग्लोनासच्या नागरी संकेतात अशी विकृती नव्हती. पण सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर पैसा आटला आणि नव्वदच्या दशकात पूर्ण झालेला २४ उपग्रहांचा ताफा २००१ पर्यंत दहाच्याही खाली आला. युरोपच्या गॅलिलिओला अमेरिकेने आरंभी विरोध केला. २००४ मध्ये संकेतांबाबत करार झाला. चीन आधी गॅलिलिओत सहभागी झाला, मग स्वतःच्या बैदूकडे वळला आणि २०२० मध्ये ती जगभर सुरू केली.

६/७
आज चारही जागतिक प्रणालींचे खुले संकेत मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत अचूक आहेत. खरी चुरस आता सुरक्षिततेची आहे, कारण खुल्या संकेताची नक्कल करता येते. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रात एका नौकेला, मालकाच्या संमतीने, खोटे जीपीएस संकेत देऊन मार्गावरून ढळवून दाखवले. संकेताचा खरेपणा तपासण्याची विनामूल्य सेवा गॅलिलिओने २०२५ मध्ये अधिकृतपणे सुरू केली. या बाबतीत युरोप स्पष्टपणे पुढे आहे.

७/७
आणि नाविक? २००६ मध्ये मंजुरी, २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह, नागरी सेवेसोबत अधिकृत वापरकर्त्यांसाठी सांकेतिक सेवा. आता सूत्रे भारताच्या हाती होती, पण घड्याळे स्वित्झर्लंडची. पहिल्या उपग्रहातील तिन्ही बंद पडली. त्याच पुरवठादाराची गॅलिलिओतील काही घड्याळेही निकामी झाली. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये निघाला, तर रॉकेटचे उष्णतारोधक कवचच उघडले नाही. देशात बनलेले रुबिडियम घड्याळ अवकाशात गेले ते २९ मे २०२३ रोजी, एनव्हीएस-०१ मधून. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मध्येही देशी घड्याळ होते. तो उपग्रह नियोजित कक्षेपर्यंत पोहोचू शकला नाही.