माथेरानचें रान आणि त्याची राखण

मुंबईसारख्या महानगरीपासून अवघ्या कांहीं तासांच्या अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीच्या एका सुट्या डोंगरावर, जेथें खाजगी मोटारीस प्रवेश नाहीं असें एक गांव नांदत आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी आणि पुढें तांबड्या मातीच्या वाटेनें पायीं किंवा घोड्यावरून जावें, हा येथील शिरस्ता प्रवाशांना मोठा गमतीचा वाटतो. परंतु जमिनीचा वापर कोणीं व किती करावा, या प्रश्नाचा पाऊणदोन शतकांचा इतिहास त्या शिरस्त्यामागें उभा आहे, आणि तो सर्वस्वीं गमतीचा नाहीं.

इ. स. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चौकच्या बाजूनें हा डोंगर चढला. त्यानें माथेरानचा 'शोध लावला', असें इंग्रज ग्रंथकार लिहितात. जे ठाकूर, धनगर व कातकरी या डोंगराच्या अंगाखांद्यावर वावरत होते, त्यांच्या लेखीं तो कधीं हरवलाच नव्हता! पुढें मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याची मर्जी या स्थळावर बसली, नेरळहून वर येणारा रस्ता झाला, आणि पाहतां पाहतां येथें साहेबलोकांची व मागोमाग मुंबईच्या धनिक पारशी, हिंदु व मुसलमान गृहस्थांची उन्हाळी वस्ती उभी राहिली.

या वस्तीची मांडणी ध्यानांत घेण्यासारखी आहे. जमिनीची मालकी सरकारनें आपणाकडे ठेविली आणि बंगल्यांसाठीं प्रशस्त जागा भाडेपट्ट्यानें दिल्या. एकेका बंगल्याभोंवतीं इतकें रान कीं, शेजारच्या घराचें छप्परही दिसूं नये. याउलट दुकानदार, हमाल, न्हावी, घोडेवाले यांच्या वांट्याला बाजारपेठेंतील दाटीवाटीच्या लहानशा जागा आल्या. माथेरानचें जंगल टिकलें याचें पुष्कळसें श्रेय या विरळ मांडणीस दिलें पाहिजे, हें खरें. पण त्या विरळपणाचा उपभोग कोणाला मिळाला आणि दाटी कोणीं सोसली, हेंही विसरतां कामा नये. याच गांवांतील एका न्हाव्याच्या घरीं १९१२ सालीं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. तेच पुढें नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत हुतात्मा झाले. साहेबांच्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या 'पॉइंटां'वरून फिरणाऱ्या प्रवाशांपैकीं किती जणांना ही गोष्ट ठाऊक असते, कोण जाणे.

१९०५ मध्यें नगरपालिका आणि १९०७ मध्यें आगगाडी आली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं स्वतःच्या कुटुंबाच्या पैशानें दोन फूट रुंदीचा हा चिमुकला लोहमार्ग नेरळपासून वीस किलोमीटरांहून अधिक अंतर नागमोडी वळणांनीं वर नेला. गाडी इतकी लहान कीं, ती जितकीं माणसें आणी तितकींच डोंगराला झेपत. मोटारीचा रस्ता दस्तुरीपर्यंत येऊन थांबल्यानें हें प्रमाण बरेंच टिकलें. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई, पनवेल व कर्जत यांची वाढ डोंगराच्या पायथ्यास भिडली, जुन्या बंगल्यांच्या जागीं हॉटेलें उठूं लागलीं, आणि केवळ शिरस्त्यावर विसंबून राहणें अशक्य झालें.

तेव्हां ४ फेब्रुवारी २००३ रोजीं केंद्र सरकारनें १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वयें माथेरान व भोंवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरांचा मुलूख, त्यास आणखी २०० मीटरांची कड जोडून, संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. शेतें, बागा, मोकळीं मैदानें यांचें रूपांतर इमारतींत करूं नये, दगडाच्या खाणी काढूं नयेत, तीव्र उतारांवर बांधकाम करूं नये, अशीं बंधनें आलीं. स्थानिक रहिवाशांच्या नैसर्गिक वाढीपुरती घरांसाठीं थोडी सूट ठेवण्यांत आली. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें लोहमार्ग ठिकठिकाणीं उध्वस्त केला व गाडी पुनः सुरू होण्यास १९ महिन्यांहून अधिक काळ लोटला. उतारांवरील झाडें मातीला धरून ठेवतात, ही गोष्ट त्या पावसानंतर कोणास निराळी समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

अशीं बंधनें परकीयांपासून उसनीं घेतलेलीं आहेत, असा आक्षेप मधूनमधून ऐकूं येतो. तो टिकणारा नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडतांना आंबा-फणसासारख्या झाडांस हात न लावण्याची आणि रयतेच्या झाडाबद्दल मालकास राजी करून मोबदला देण्याची आज्ञा आहे. विशेष हें कीं, तेथें झाडाची काळजी आणि झाड वाढविणाऱ्या रयतेची काळजी हीं एकाच वाक्यप्रवाहांत येतात.

माथेरानांत हीं दोन्ही बराच काळ वेगळीं पडलीं होतीं. मोटार नको म्हणून माणसानें माणसाला रिक्षांत बसवून चढावर ओढावें, हा प्रकार एकविसाव्या शतकांतही चालूच राहिला. मोटारबंदीनें रान वांचलें, पण तिचा भार रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवर पडला. २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या प्रयोगास परवानगी दिली, तेव्हां घोडेवाल्यांनीं विरोध केला. त्यांचें पोट त्याच वाटेवर होतें, म्हणून तो विरोध निव्वळ आडमुठेपणाचा म्हणतां येत नाहीं. अखेर ऑगस्ट २०२५ मध्यें न्यायालयानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. विजेच्या रिक्षा शासनानें घेऊन त्या प्रत्यक्ष ओढणाऱ्यांनाच भाड्यानें चालविण्यास द्याव्या असें सांगितलें, आणि पैसा नाहीं ही सबब ऐकली जाणार नाहीं, असेंही त्यांत बजाविलें.