मेहकर सरकारचा खार

मेहकर आज बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे; अकबराच्या काळी ते वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे, म्हणजे सुभ्याच्या विभागाचे, ठाणे होते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त याच सरकारातल्या लोणारची दखल घेतली, ती तीर्थक्षेत्र म्हणून आणि काच व साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो म्हणूनही. राज्याला त्यातून चांगला महसूल येई. ही नोंद मला मोलाची वाटते, कारण लोणारच्या विवरातल्या तळ्याचे पाणी कशाने तरी ‘बिघडले’ आहे, या समजुतीला तिच्यातच उत्तर आहे. त्याच नोंदीत सोऱ्याचाही उल्लेख आहे, तेव्हा त्या काळचा खार निराळा असेल, असे कोणी म्हणेल. पण काचेला आणि साबणाला लागतो तो सोडा, आणि पुढे इंग्रजी अमदानीतही याच तळ्यातून सोडाच निघत होता. भोवतालच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले पाणी विवरात साठते, त्याला बाहेर वाट नाही. उन्हाने ते आटते आणि खार मागे उरतो.

ज्या खारावर कर बसला, त्याच खारावर एक जीवसृष्टी पोसली आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा प्रदूषणापासून अपशकुनापर्यंत सगळे तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. रंग मीठप्रिय आर्कियांचा निघाला. पाणी घटून खारटपणा वाढला, तसे ते फोफावले होते. आर्किया जीवाणूंहून वेगळे आहेत, हे कार्ल वूज यांनी १९७७ साली दाखवले. कॅलिफोर्नियाच्या आखातात, ग्वायमासच्या तापलेल्या गाळात, त्यांतले काही ब्यूटेनसारखा वायू खाऊन जगतात. लोणारच्या गाळातले आर्किया उलट मिथेन तयार करतात. तो खाणारे जे सापडले, ते जीवाणू आहेत. म्हणजे या तळाशी मिथेन तयार होण्याचे आणि तो खाल्ला जाण्याचे चक्र चालते, तेही दहाच्या आसपास सामू असलेल्या पाण्यात. अशा तळ्याला ‘मृत’ म्हणणे साफ चुकीचे आहे.

मग गावच्या सांडपाण्याबरोबर गोडे पाणी आत आले तर नुकसान काय, असाही प्रश्न येईल. नुकसान हेच, की खार उतरला तर त्यावर जगणारे जीव टिकणार नाहीत आणि कुठल्याही तळ्यात असणारे जीव त्यांची जागा घेतील. लोणारला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा मिळाल्याचे नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. आता गावचे सांडपाणी विवरात उतरू न देणे आणि पाण्याचा खार नियमित मोजून त्याची नोंद लोकांसमोर ठेवणे, ही दोन कामे तातडीने व्हायला हवीत.