सांगलीची श्रुतिपेटी ते संगणकातला पियानो

श्रुतिपेटी म्हणजे सप्तकातल्या बारा सुरांवर न थांबता बावीस श्रुती वाजवू पाहणारी हार्मोनियम. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिची कल्पना आकाराला आली, आणि तिच्यामागे उभे होते सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल. यंत्राने काढलेला सूर कानाला खरा कसा वाटेल, हा त्यांचा प्रश्न. संगणकावर वाजणारा पियानो निवडणाऱ्या आजच्या वादकापुढेही तोच प्रश्न असतो, आणि त्याला किमतीची जोड असते.

पेटी मुळात युरोपातली. आलेक्सांद्र दबाँ याने 1842 साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता चालवायची होती. हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी बनवली, आणि तिथून ती देशभर गेली. पियानोला दोनशेहून अधिक तारा, लोखंडी चौकट आणि सूर लावायला कसबी माणूस लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगले की सूर पुन्हा हलतो. पेटीला यातले काही लागत नाही. ती बैलगाडीत बसते, देवळात राहते, पडद्यामागे मावते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाला तोंड फुटले आणि पुढच्या काळात नाटक कंपन्यांत पेटी व पायपेटी, म्हणजेच ऑर्गन, ठाण मांडून बसली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला साथीपलीकडची प्रतिष्ठा दिली. पेटी जिंकली ती आधी परवडली म्हणून. आवाजाचा वाद मागाहून आला.

तो वाद दोन गोष्टींवरून होता. पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या असतात. संपूर्ण सप्तकाचे 1200 सेंट धरले, तर पेटीवरचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे 386 सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तंबोरा चालू असताना पेटीवर गंधार धरून ठेवला की तो टोचायला लागतो. दुसरी गोष्ट मींडेची. गवयाचा गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो; पट्टी दाबली की सूर एकदम येतो आणि सोडली की तुटतो. पहिल्या दोषावर उपाय निघण्यासारखा होता, दुसऱ्यावर नव्हता.

देवलांनी पहिला दोष हाती घेतला. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले सूर ऐकून त्यांनी स्वरांची गुणोत्तरे मांडली आणि 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी ई. क्लेमेंट्स त्यांच्या मताचे झाले. त्यांचे भारतीय संगीतावरचे पुस्तक 1913 साली आले, आणि श्रुतिपेटी लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून बनवून घेण्यात आली. पुणे आणि मिरज यांना जोडणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर अशी स्टेशने घेत जाणाऱ्या त्या मीटरगेज मार्गामुळे गवई, नाटक कंपन्या आणि वाद्यांच्या पेट्या कृष्णेच्या खोऱ्यात सहज ये-जा करू लागल्या. त्याच मार्गावरचे मिरज पुढे अब्दुल करीम खाँचे घर झाले.

1916 साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतिपेटी परीक्षेला उतरली. परिषदेमागे विष्णु नारायण भातखंडे होते, आणि श्रुतींची जागा गणिताने कायमची ठरवता येते हे त्यांना मान्य नव्हते. रागागणिक, आरोह-अवरोहागणिक कोमल रिषभ वा गंधार थोडा सरकतो, मग कोणती श्रुती पट्टीवर बसवायची? या प्रश्नावर देवलांची पेटी अडली. तिच्या पट्ट्या वाजवायला अवघड होत्या, ती महाग होती, आणि गावोगावच्या भजनी मंडळांना तिची गरज नव्हती. तरी देवलांचे काम वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कानाला खटकणारी गोष्ट मोजून दाखवण्याची सवय महाराष्ट्रात लावणाऱ्यांत ते पुढे होते. बारा सुरांच्या पेटीवरचा राग पुढेही शमला नाही. 1940 पासून आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. अलीकडे विद्याधर ओक यांनी पट्ट्यांखाली खुंट्या बसवून रागानुसार श्रुती निवडता येणारी पेटी बनवली आहे.

मिरजेत हाच प्रश्न तारेच्या बाजूने पुढे आला. तिथला तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून तो सांगितला जातो. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा वाळवून त्यावर तंबोरा उभा राहतो, पण त्याचा जीव घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यात, असतो. घोडीचा माथा कानसेने, मग बारीक पॉलिशने असा उतरवतात की तार त्यावर अलगद टेकत राहावी; तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा धरली की आवाज खुलतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. 1979 साली बंगळुरूत जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. सर्किटने घडवलेल्या त्या आवाजात जवारीची झळाळी उतरेना. पुढे खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण साठवणारी यंत्रे आली आणि रियाजाच्या खोलीत रुळली. मिरजेचा धंदा मात्र संपला नाही; 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

ध्वनिमुद्रणाचे तुकडे पट्टीवर बसवण्याची ही युक्ती, म्हणजे सॅम्पलिंग, पियानोसाठी आधीच रुळली होती. 1979 चे ऑस्ट्रेलियातले फेअरलाइट आणि 1984 चे अमेरिकेतले कर्झवाइल 250 ही यंत्रे मोठ्या स्टुडिओंनाच परवडत. स्मृती महाग असल्याने पियानोच्या सुराचा थोडा भाग साठवून तोच फिरवत ठेवावा लागे, आणि कानाला ती फिरकी कळे. 1998 साली गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने असे मुद्रित तुकडे, म्हणजे नमुने, थेट हार्ड डिस्कवरून वाजवायला सुरुवात केली. तेव्हापासून पूर्ण लांबीचा, विरत जाणारा सूर साध्या संगणकावर शक्य झाला. 2006 मध्ये फ्रान्सच्या पियानोटेकने दुसरी वाट धरली: मुद्रण न वापरता तार, हातोडी आणि फळी यांचे गणित मांडून आवाज तयार करायचा. तो संगणकात फार कमी जागा घेतो.

कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी खरा पियानो नांदवणे कठीण, त्यामुळे कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर हीच बहुतेकांची वाट असते. तिथे पहिली कसोटी थरांची. पट्टी हळू दाबली की पियानोचा आवाज नुसता लहान होत नाही, मऊही होतो. म्हणून प्रत्येक सूर वेगवेगळ्या जोराने मुद्रित केलेला असावा लागतो. अलेक्झांडर होल्म यांचा सॅलमँडर हा नमुन्यांचा मोफत संच यामाहाच्या सी-5 पियानोवरून घेतला असून त्यात जोराचे 16 थर आहेत. दर तिसरी पट्टी मुद्रित करून मधल्या दोन ताणून भरल्या आहेत, तरी फुकटात मिळणाऱ्यांत तो फार चांगला आहे. एकच पट्टी पाच-सहा वेळा वेगवेगळ्या जोराने दाबून पाहिली, की महागड्या संचांतही थर कुठे बदलतो ते उघडे पडते. मग पेडल दाबून एक सूर वाजवावा: बाकीच्या तारांची गुणगुण ऐकू आली तर नमुना नीट घेतलेला आहे.

रागसंगीतासाठी वाजवणाऱ्याने एक गोष्ट आवर्जून तपासावी, ती म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर सेंटने खाली-वर करता येतो का. नमुने वाजवणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. गंधार 14 सेंटने उतरवला की तंबोऱ्याशी भांडण मिटते. शेवटी उशिराचा प्रश्न. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत दहा मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ गेला, तर उत्तम नमुनाही बोटाखाली मेलेला वाटतो. तेव्हा मर्यादित पैशांत संच फुकटचा घ्यावा आणि वाचलेली रक्कम चांगला ऑडिओ इंटरफेस व जोर नीट ओळखणारा कीबोर्ड यांवर घालावी.