ओतींव नाण्यांचा प्रवास

पनवेल बंदरांतला माल घाट चढून पुण्यास जाई, त्या काळीं बाजारांतला किरकोळ हिशेब शिवराईवर चाले. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं निघालेलें हें तांब्याचें नाणें ठोकून घडविलेलें असे. खालीं एक ठसा, वर दुसरा, मध्यें चकती आणि वरून हातोड्याचा घाव. घाव तिरपा पडला, कीं ‘छत्रपति’मधलें एखादें अक्षर कडेबाहेर जाई.

चिनांत मात्र नाणें ठोकीत नसत, ओतीत. मध्यें चौकोनी भोक असलेलें चार अक्षरी गोल नाणें तेथें इ. स. ६२१ मध्यें, थांग राजवटींत रूढ झालें व तोच घाट पुढें सुमारें तेराशें वर्षें टिकला. नमुन्याचीं नाणीं बारीक वाळूंत दाबून दोन्ही बाजूंचे ठसे घेत, मध्यें पन्हळ ठेवीत आणि तांबें, शिसें व कथील यांचा रस ओतीत. निवाल्यावर फळांनीं लगडलेल्या झाडासारखा एक सांगाडा बाहेर पडे. नाणीं तोडून तीं चौकोनी सळईंत ओवीत व कडा कानशीनें एकदम घाशीत. भोक गोल असतें तर नाणीं सळईवर फिरलीं असतीं! माळ करून मोजणें हा भोकाचा दुसरा उपयोग. हजारांची एक माळ, निदान नांवाला तरी.

सुंग राजवटींत, १०८० च्या सुमारास, वर्षाला पन्नास लाखांवर माळा ओतल्या जात. तरीहि देशांत नाण्यांची टंचाईच, कारण तीं समुद्रापार जात. निर्यातीवर बंदी होती. ती वांग आन्शी या प्रधानानें १०७४ मध्यें उठविली. लगेच १०७७ सालीं आलेल्या चोल वकिलातीला ८१,८०० माळा परतभेट दिल्याची नोंद चिनी इतिहासांत आहे.

व्यंकोजीराजांनीं पुढें जेथें भोसल्यांची गादी स्थापिली, त्या तंजावर मुलखांत असल्या नाण्यांचे सांठे जमिनींत सांपडले आहेत. तालिकोट्टै येथील (ही विजयनगरच्या लढाईची तालिकोट नव्हे) एका सांठ्यांत तर हजारावर नाणीं होतीं. परक्या बादशहाचीं, न वाचतां येणाऱ्या अक्षरांचीं हीं नाणीं तेथें कोणीं व कां जपलीं? तंजावरच्या मूर्तिकारांना कांशासाठीं तीं हवीं होतीं, हा तर्क मोहक खरा. परंतु हीं तरी कोणीं आटविलीं नाहींत. चीनशीं पुन्हा व्यापार करण्याची उमेद असलेल्या एखाद्या व्यापाऱ्याची ती पुंजी असावी, हेंच अधिक संभवतें.